आमचे बिबडे पहिल्या नंबरवर

गेल्या उन्हाळ्यात वहिनींनी लिंबायतच्या घराच्या गच्चीवर पाच मोठे डबे भरतील इतके बिबडे घातले. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-तीळ-मिरची घालून शिजवायची आणि जुन्या धोतरावर थापून वाळवायची. खान्देशातून सुरतेत आलेल्या घरांत हे दरवर्षी चालतं. त्या वर्षीचे मात्र विकायचे होते. साड्यांना टिकल्या चिकटवून वहिनींचे डोळे अधू झाले होते आणि डॉक्टरांनी ते काम बंद करायला सांगितलं होतं. हवा दमट व्हायच्या आत डबे रिकामे झाले तर ठीक, नाहीतर पुन्हा टिकल्या. साड्यांचा एक गठ्ठा घरात येऊन पडलाही होता.

मग त्यांच्या भाचेजावयाने मोहीम हातात घेतली. हा पूर्वी कतारगामात हिऱ्यांना पैलू पाडायचा, आता वेबसाइटींना पाडतो. इंटरनेटवर शोधताना लोक जे शब्द टाकतात त्यांना कीवर्ड म्हणतात, हे त्याने मला पत्रिका मांडावी तशा गांभीर्याने सांगितलं.

"काका, बिबडे कुणी शोधतच नाही."

"खातात ना पण?"

"आपण काय विकतो ते बघायचं नाही. पब्लिक काय शोधते ते बघायचं. पब्लिकला वजन कमी करायचंय."

अशा रीतीने तळून खायचे बिबडे वजन कमी करू लागले. घरात जास्त पुस्तकं माझी, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. ठरलेले शब्द दर वाक्यात हवेत, ही अट. मी लिहिलं: "सुरतमध्ये वजन कमी करणारा खाऊ शोधत असाल, तर सुरतमध्ये वजन कमी करणारा खाऊ आमच्याकडे आहे." जुन्या बखरींत राजाची बिरुदं अशीच पुन्हापुन्हा येतात, पण तिथे निदान राजा तरी खूश होत असेल.

वहिनींनी वाचलं. "भाऊजी, लिहिताना डुलकी लागली होती का?"

आठवड्याने जावई ओरडत आला. "मावशी, पहिला नंबर!" आम्ही आपापल्या फोनवर ते शब्द टाकले. खरोखरच सगळ्यांत वर आमचं पान. मग रोज सकाळी चहाबरोबर तोच कार्यक्रम: तीन फोन, तेच शब्द, तेच पान, तोच आनंद. देवापुढे साखरही ठेवून झाली. फोन मात्र दोनच आले. कामरेजहून एकाला आम्हाला पापडाचं यंत्र विकायचं होतं आणि एका बाईंना किती दिवसांत किती किलो उतरेल हे लेखी हवं होतं. डब्यातले बिबडे कमी होत होते ते फक्त पाहणीला येणाऱ्या जावयाच्या ताटात. मला शंका होती, पण आमच्यात जावयाला तोंडावर खोटं पाडत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात हवा चिकट व्हायला लागली. वहिनींनी गठ्ठ्याची गाठ सोडली. त्याच दिवशी रिक्षातून घरी येताना माझा फोन बंद पडला, म्हणून सिग्नलला मी रिक्षावाल्याला त्याच्या फोनवर आमचे शब्द टाकायला सांगितले. सहा पानं उलटली, आमचा पत्ता नाही. तेव्हा कळलं. आम्ही रोज उघडतो तेच पान आमचे फोन आम्हाला रोज वर काढून दाखवत होते. भाट पदरी बाळगल्यासारखं.

"काय शोधी राहिनात, दादा?" त्याने आमच्या खान्देशी बोलीत विचारलं.

"बिबडे."

"बिबडा? कोठे भेटतस?" तो मागे वळला, आणि मागचे हॉर्न त्याला ऐकूच येईनात.

त्याने दारात रिक्षा लावून दोन पिशव्या घेतल्या आणि स्टँडवर जाऊन सांगितलं. पाच दिवस आमच्या गल्लीत रिक्षांमुळे चालता येईना. तळाला थोडेसे उरले तेव्हा वहिनींनी गठ्ठा पुन्हा बांधून परत पाठवला.

रविवारी जावई आला. रिकामे डबे पाहून म्हणाला, "सांगितलं होतं ना मावशी, रँकिंगला वेळ लागतो."

मी तोंड उघडलं. वहिनींनी माझ्या पायावर पाय दिला आणि उरलेले बिबडे तळून त्याच्या पुढ्यात ठेवले.

तो गेल्यावर मी विचारलं, "गप्प का बसवलंत?"

"चूक दाखवली असती तर ती दुरुस्त करायला रोज आले असते," वहिनी म्हणाल्या. "आणि आता वाढायला काही उरलं नाही."