पलंगाच्या आकड्यांवरचं आसन

इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात शहरात घरटी एक सुतार आहे, पण पलंग करावा तो उस्ता झेनहुमनेच; उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. चाळीस वर्षं तो फक्त पलंग करतो. त्याचं दुकान आणि माझं, म्हणजे फरगलीचं, गादीकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत, त्यामुळे त्याचा खोकलासुद्धा मला पाठ आहे. हात सोन्याचे. तोंड मात्र एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि कान त्याने फारसे वापरलेले नाहीत.

पलंगाचे पाय रंगाऱ्याकडे पोचवायला त्याने आपल्या जुन्या मोटरसायकलचं मागचं आसन काढून तिथे फळी बसवली. ‘शुक्रवारी काढतो’ म्हणाला होता. चार बोल्ट होते. ते दीड वर्ष निघाले नाहीत.

भोगलं ते त्याच्या बायकोने, रतीबावहिनीने. तिची थोरली बहीण एतिदाल नदीच्या मुखाशी कोळ्यांच्या गावात राहते, खाटेवर पडून असते. वहिनीच्या गुडघ्यांना मिनीबसची पायरी झेपत नाही. आधी ती दर शुक्रवारी झेनहुमच्या मागे बसून जायची. फळीवर बसायला तिने साफ नकार दिला. “मी काय पलंगाचा पाय आहे?”

यंदा रमजान सरल्यावर एतिदालचा निरोप आला. डोळ्यांपुढे धुकं येतंय, महिना-दोन महिन्यांत सगळंच जाईल म्हणतात, त्याआधी ये. वहिनी दुकानात येऊन नवऱ्याला म्हणाली, “सामीचे बाबा, तिला मी दिसतेय तोवर मला तिच्यापुढे जाऊन बसायचंय.”

“अगं, पण दर वेळी ते बोल्ट कोण सोडत बसणार? कामं पडलीत.”

मला राहवलं नाही. भिंतीपलीकडूनच ओरडलो, “पलंग सोडताना बोल्ट काढतोस का रे, गाढवा?”

ही अक्कल माझी. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पलंगाच्या कडेच्या पट्टीला लोखंडी आकडे असतात, उशाकडच्या फळीला खाचा. आकडे खाचांत घालून खाली दाबले की बसले. माणूस जितका जड, तितके ते घट्ट. काढायचं तर खालून वर एक दणका. झेनहुमने वेल्डरकडून गाडीला खाचांच्या पट्ट्या जोडून घेतल्या. फळीला आकडे लावले, आसनालाही लावले. आसन मी भरलं, एका नवरीच्या सोफ्याचं उरलेली हिरवी मखमल लावून. आठवडाभर फळी झकास चालली. ती दोरीने गाडीला आवळलेली असायची, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर वहिनी एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर कांदा भरलेल्या बदकाचं पातेलं. शलबीने आपल्या कहवाखान्यासमोर स्वतःच सिमेंट ओतून गतिरोधक केलाय, तिथे आम्ही सगळे बसलो होतो. पुढचं चाक गेलं, मागचं उसळलं, आणि आकडे खाचांतून अलगद बाहेर आले. वहिनी आसनासकट रस्त्यावर. बदक गटाराकडे.

पलंग कधी उडी मारतो का? खालून धक्का बसेल हे दुम्यातच्या सुताराच्या डोक्यात येणारच नाही, आणि गादीवाल्याच्याही आलं नाही.

आणि झेनहुम? तो हातवारे करत, बोलत, पुढे चाललाच होता. औषधाच्या दुकानापाशी वळताना त्याचं लक्ष गेलं. परत येऊन विचारतो, “तू उतरलीस कधी?”

कहवाखाना हसून लोळला. मीही हसलो, आज लाज वाटते. वहिनीचं कोपर सोलवटलं होतं.

“पडले त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “पण शंभर पावलं तुम्ही बोलत कोणाशी होता?”

आणि लंगडत घरी गेली.

तीन दिवस भिंतीपलीकडून कानशीचा आवाज येत होता. त्याने आकडा आणि खाच दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात बोटाएवढी जाड खीळ बसवली. खीळ ओढली की आसन निघतं, एरवी नाही. मग स्वतः मागे बसला आणि गाडी माझ्या हातात दिली. मी बारा वर्षांत गाडी चालवली नव्हती.

“फरगली, जोरात घे!” तो मागून ओरडला.

“तोंड मीट, जीभ तुटेल!”

शलबीच्या गतिरोधकावरून सात फेऱ्या मारल्या. लोक मोजत होते. आसन जागचं हललं नाही.

वहिनीने हे गच्चीवरून पाहिलं होतं. “आसन निघणार नाही, कळलं,” ती वरून म्हणाली. “पण मी निघाले तर तुम्हाला कळेल का?”

 

शुक्रवारी ती तरीही खाली आली, बहिणीसाठी. खीळ स्वतः घातली, ओढून बघितली, बसली. कहवाखान्यासमोर झेनहुमने गाडी थांबवली, अख्खा मागे वळला.

“आहेस?”

“आहे. पुढे बघा.”

गतिरोधक ओलांडून पुन्हा थांबला. “आहेस?”

“आहे हो! जाईन कुठे?”

वाटेत असे एकोणतीस आहेत, आणि सगळ्यांवर त्याने विचारलं. पोचेपर्यंत बदक गार झालं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दुकानात आली. मी विचारलं, “बहीण काय म्हणाली?”

“खाटेजवळच्या खिडकीपाशी उजेडात बसवलं मला. तोंड अगदी जवळ आणून बघत राहिली. मग म्हणाली, ‘रतीबा, किती म्हातारी झालीस गं!’” वहिनी हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. “ऐकलंत ना, भावजी? म्हातारी झालीस म्हणाली.”