दहावी ढेप

शोभाबाई टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा पुंडलिकरावांनी मारोतीला नवस बोलला. बायको बरी झाली, तर तिच्या भारंभार गूळ वाटीन. तेव्हा ती काडी झाली होती. पण अल्लीपुरातलं किराणा दुकान आणि लग्नसराई, यात दोन वर्षं गेली. शोभाबाईचं अंग मूळपदावर आलं. मूळपद म्हणजे नव्वद किलोच्या वर.

१९९९च्या हनुमान जयंतीला गूळतुला ठरली. साऱ्या गावासमोर पारड्यात बसायचं. महिनाभर आधीच शोभाबाईचं जेवण सुटलं. सकाळी चहा, संध्याकाळी अर्धी भाकर. विचारलं की एकादशी. नवव्या दिवशी ती दुकानाच्या ओट्यावर चक्कर येऊन पडली.

हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर काठावर होती.

"उपाशी राहू नका. वेळेवर जेवा, रोज चाला. हाडापेरानंच मोठ्या आहात, त्याची लाज कसली?"

घरी सासू, आनंदाबाई, वाटच पाहत होती.

"महिन्यात दोन एकादश्या असतेत. तू किती करतं वं? मारोतीचा गूळ चोरून राह्यली का?"

"लोक हासतीन, आत्याबाई."

"हासू दे. नवस तुह्या अंगाचा हाय, उपासाचा नाई."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई दोन भाकरी, वरण आणि पालकाची भाजी जेवली. चहातली साखर निम्मी केली. पहाटे नाल्याच्या पुलापर्यंत चालायला लागली. सोबत शेजारची रुचिका. पोरगी बारीक, पण पहिल्याच दिवशी धापा टाकत मागे राहिली.

जयंतीला देवळासमोरच्या कडुनिंबाला कापूस तोलायचा मोठा काटा टांगला. शोभाबाई पारड्यात बसली. समोर गुळाच्या दहा-दहा किलोच्या नऊ ढेपा चढल्या. पारडं हललं नाही.

"पुंडलिकराव," गर्दीतून गावातले नत्थूजी ओरडले, "दुकानच खाली झालं राजा!"

सारे हसले. शोभाबाईने साखळी घट्ट धरली. खाली पाहिलं. मग मान वर केली.

"अवो, दहावी ठेवा. मी अजून खालीच हाये."

पुन्हा हशा पिकला. या वेळी तीही हसली. दहावी ढेप ठेवली आणि शोभाबाई जमिनीवरून उचलली गेली.

प्रसाद तिनेच वाटला. आपल्या तोंडात सुपारीएवढा खडा टाकला.

दुसऱ्या पहाटे ती पुलाच्या वाटेवर होती. रुचिका मागेच.

"पाय उचल वं पोरी. घरी भाकर थंडी होते."