अर्जुनाचा तट

दगडाबाईनं उभं आयुष्य शिरवळच्या खाणीत दगड फोडले. तिचा नवरा अर्जुना पाथरवट; तो दगड घडवायचा. वीस वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या जुन्या बंदराचा तट दुरुस्त करायला म्हणून तो कोकणात उतरला, तो परत आलाच नाही. ना चिठ्ठी, ना निरोप. लेक सोनिया तेव्हा पाळण्यात होती. दीर तानाजी शोधायला गेला, पण बाजारात चार माणसांना विचारून माघारी फिरला. “तिकडं दुसरी केली असंल,” भावकी म्हणायची. दगडाबाई ऐकून घ्यायची.

यंदा सोनिया कारखान्यात नोकरीला लागली. पहिल्याच सुट्टीला आईला घेऊन ती दोन एसट्या बदलत रेवदंड्याला पोचली.

तट समुद्राला लागून उभा होता. शेकडो वर्षांचा, जागोजागी खचलेला, भेगांतून वडाची मुळं उतरलेली. दगडाबाई पदर खोचून भिंतीवर तळवा फिरवत चालत राहिली. एका बुरुजापाशी ती थांबली. तिथला चिरा बाकीच्यांपेक्षा नवा होता आणि त्यावरचे छिन्नीचे घाव उलट्या अंगानं तिरपे गेले होते.

“सोने, ह्यो तुज्या बाचा हात. डावरं हाईत त्ये.”

शेजारच्या नारळीच्या बागेतून जैनुद्दीन नावाचा म्हातारा बघत होता. तो जवळ आला.

“घाटावरचा अर्जुना? तुम्ही त्याच्या कोण?”

“माजं मालक हाईत.”

म्हातारा खालच्या दगडावर टेकला. “तापानं गेला, बाई. हे काम पुरं झालं त्याच आठवड्यात. बाकीची माणसं पांगली होती. तुमचं गाव इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही चौघांनी खांदा दिला. अग्नी तुमच्या रीतीनंच दिला.”

त्यानं किनाऱ्यावरची जागा दाखवली. तिथं आता केवडा माजला होता. दगडाबाईनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिथं सोडलं आणि लेकीला तानाजीला फोन लावायला सांगितलं.

“भावजी, त्ये पळालं न्हवतं. काम पुरं करून हितंच गेलं. मी आल्यावर दिवस घालायचं हाईत. समद्या भावकीला सांगून ठेवा, एकबी घर सोडू नगा.”

फोन सोनियाच्या हातात देऊन ती वाळूत बसली आणि मोठ्यानं रडली.