सहाशे मिलिमीटरवरची आत्या

आमच्या गल्लीतला फोटो स्टुडिओवाला गिऱ्हाइकाला आत खुर्चीवर बसवतो, त्याची हनुवटी सरळ करतो, मागचा पांढरा पडदा ताणतो आणि दुकानातून निघून जातो. नवख्या माणसाला वाटतं, चहाला गेला. तो रस्ता ओलांडून समोरच्या सलूनच्या पायरीवर उभा राहतो आणि तिथून ओरडतो, "डावीकडे बघा! माझी डावी नव्हे हो, तुमची!" मध्येच टेम्पो येतो. टेम्पो गेला की फोटो निघतो.

हे वेड नाही, नाइलाज आहे. फुटबॉलचे फोटो काढायचं स्वप्न त्याने निम्मं आयुष्य बाळगलं. मग एक दिवस जुना कॅमेरा आणि होत्या नव्हत्या तेवढ्या लेन्सा बदल्यात देऊन त्याने फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि दोनशे ते सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स आणली. लेन्स घरी आली त्याच आठवड्यात फुटबॉलच्या मैदानावर पे-पार्किंग झालं. आता तिथे हलण्यासारखा फक्त पावत्या फाडणारा माणूस आहे आणि तोही गरज पडली तरच हलतो.

दुकान दहा फूट खोल. त्यातून खुर्ची, पडदा आणि मालकाचं पोट वजा केलं की उरतात पाच-सहा फूट. या लेन्सला आठ फुटांच्या आतलं काही दिसत नाही. तेवढं जग तिच्या लेखी धुकं. म्हणून धंदा रस्त्यापलीकडे गेला. गल्लीने त्याचं नाव 'फोकस' ठेवलं आणि सलूनवाल्याने पायरीवर त्याच्यापुरता चौकोन खडूने आखून दिला, कारण गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असताना मागून धक्का लागणं दोन्ही धंद्यांना परवडणारं नव्हतं.

फोकसला वाढवलं त्याच्या आत्याने. आई लहानपणीच गेली, वडील फिरतीवर. आत्या विधवा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिने आपल्या मुलीबरोबर यालाही न्हाऊमाखू घातलं, मारलं आणि शिकवलं. मुलगी परदेशी स्थायिक झाली. आत्या फोकसच्याच घरी, स्टुडिओवरच्या पहिल्या मजल्यावर राहिली. आता मुलीने हट्ट धरला होता, की आईने तिकडेच यावं, कायमचं. आत्याही तयार झाली. अडलं ते फोटोवर.

आत्याकडे कॅमेरा वळला की तिचे डोळे मिटतात. लाजून नव्हे, घाबरून नव्हे. दुकानाचं शटर पडावं तसे पडतात. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरा जागा आहे, ती झोपलेली आहे. नोकरीचं ओळखपत्र, पेन्शनचं कार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे तोच शांत, मिटलेला चेहरा. त्या काळी कचेऱ्यांना माणूस पुरत असे; डोळे ऐच्छिक होते. पासपोर्टवाल्यांनी मात्र अर्ज दोनदा परत पाठवला. शेरा एकच: डोळे उघडे हवेत.

"घरात फोटोग्राफर आणि अर्ज फोटोमुळे परत," फोकसची बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

तेव्हा ठरलं, की आत्याला कळू न देता लांबून टिपायचं. रोज सकाळी ती गॅलरीत पेपर वाचत बसते. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्या पहिल्या टप्प्यावरून सहाशेवर आत्या चष्म्याच्या दांडीसकट दिसे. मिररलेसला आवाज न करता फोटो काढता येतो, शिवाय तो समोरच्याचा डोळा आपणहून शोधतो आणि त्यावर हिरवा चौकोन धरून बसतो. प्रश्न मागच्या पांढऱ्या पार्श्वभूमीचा होता. तो बायकोने सोडवला. रोज पहाटे ती एक पांढरी चादर भिजवून आत्याच्या पाठीमागच्या दोरीवर वाळत घालू लागली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आत्याने पेपर खाली केला. "सूनबाई, या चादरीवर असं काय पाप घडलंय गं? रोज धुतेस ती?"

"डाग जात नाहीये, आत्याबाई."

"कुठाय डाग?"

"म्हणजे धुऊन धुऊन गेला बघा. पण खात्री नको का?"

इकडे टाकीवर फोकस ताटकळत उभा. खाली सलूनवाला शिडी धरून, कारण त्याला हे सगळं गिऱ्हाइकांना सांगायचं होतं आणि ऐकीव माहितीवर तो विश्वास ठेवत नसे.

"मिळाला का रे?"

"पेपर आडवा आला."

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. तापलेल्या पत्र्यांवरून वाफ उठून आत्या पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. तिसऱ्या दिवशी ढग. मग वारा. मग उजेड उत्तम, पण कॅमेऱ्याचा हिरवा चौकोन आत्याला सोडून शेजारच्या गॅलरीतल्या मांजराच्या डोळ्यावर जाऊन बसला आणि हलेना. घरी आल्यावरही त्याची कारणं संपेनात.

"नाचता येईना, चादर वाकडी," बायको म्हणाली.

सलूनवाल्याला निराळाच संशय. पूर्वी हाच माणूस धावत्या टेम्पोतल्या ड्रायव्हरचा पासपोर्ट फोटो काढून द्यायचा, ड्रायव्हरला घाई होती म्हणून. त्याला बसलेली बाई टिपता येईना? तो शिडीखालून म्हणाला, "दादा, धुकं तुझ्या लेन्सवर धरतं की तुझ्यावर?"

फोकस म्हणाला, "शिडी हलवू नकोस."

उलगडा रविवारी झाला. फोकस अंघोळीला गेला असताना बायकोने कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेऊन पाहिले. पेपर, मांजर, पेपर, वाफ. आणि मग आत्या. सरळ समोर बघणारी, तोंड मिटलेलं, डोळे टक्क उघडे. तारीख पंधरवड्यापूर्वीची. त्यापुढे तसेच आणखी सात-आठ.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा ती दारातच कॅमेरा घेऊन उभी होती.

"हे काय आहे?"

"ते होय? जरा सॉफ्ट आलाय."

"सॉफ्ट? पापण्यांचे केस मोजता येतायत!"

"मागे चादरीला सुरकुती आहे."

"ओल्या चादरीला सुरकुती पडणार नाही तर काय कळ्या येणार?"

त्याने टॉवेलची गाठ घट्ट केली. केसांतून पाणी ठिबकत होतं. बायकोने आवाज खाली आणला. "अहो, त्या गेल्या तर मलाही घर खायला उठेल. पण त्यांची लेक तिकडे वाट बघतेय. आत्या तुमची, पण चादर माझी आहे. उद्यापासून मी ती वाळत घालायची नाही."

दुसऱ्या दिवशी फोटोच्या प्रती निघाल्या. आत्याने त्या चष्मा वरखाली करून पाहिल्या. स्वतःचे डोळे ती आरशाबाहेर प्रथमच पाहत असल्यामुळे तिला मत असं देता येईना. "आहेत बाई दोन्ही," एवढंच म्हणाली.

मग तिघं पासपोर्टच्या कचेरीत गेली. फोकसने गळ्यात कॅमेरा अडकवला होता. त्याशिवाय बाहेर पडलं की त्याचा तोल एका बाजूला जातो. काउंटरवरच्या साहेबांनी नवा फोटो घेतला, जुनी कार्डं घेतली, एकाशेजारी एक मांडली आणि डोकं हलवलं.

"जमत नाही."

"आता काय झालं? डोळे उघडे आहेत ना?" बायकोने विचारलं.

"तीच अडचण आहे. जुन्या सगळ्या कागदांवर या बाई डोळे मिटून आहेत. इथे उघडे. चेहरा जुळत नाही. त्या याच, हे कशावरून?"

"अहो, मी समोर उभी आहे!" आत्या म्हणाली.

"समोर कोणीही उभं राहतं, आजी."

"मग मिटते डोळे. घ्या."

तिने मिटले. पण मुद्दाम मिटलेले डोळे आणि आपणहून पडलेले डोळे यांत फरक असतो. कपाळाला आठ्या आल्या, ओठ आवळले गेले. साहेबांनी कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नाही. कार्डावरच्या बाई शांत आहेत."

साहेब फोकसकडे वळले. "तुम्ही कोण? तुम्ही ओळखता यांना?"

फोकस बोलेना. बायकोने पाहिलं, की त्याची नजर 'अर्ज नामंजूर'च्या शिक्क्यावर खिळली आहे. तो शिक्का साहेबांच्या कोपराजवळच पडलेला होता. फोकसने नुसतं गप्प राहायचं होतं. ओळखत नाही म्हणायचीही गरज नव्हती. मागची रांग खोकू लागली.

"अहो..." बायको म्हणाली.

फोकसने कॅमेरा उचलला. दोन हातांत ती हातभर लेन्स धरून त्याने आत्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर रोखली. एवढ्या जवळून तिच्यात धुक्याशिवाय काही दिसणार नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने डोळाही लावला नाही. लावायची गरज नव्हती. आत्याचे डोळे पडले. आठ्या नाहीत, आवळणं नाही. लग्नाच्या दिवशी पडले होते तसेच, शांत.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. कार्ड, चेहरा, पासबुक, चेहरा. "हां! याच! अगदी याच!" रांगेतल्या दोघाचौघांनीही वाकून पाहिलं आणि खात्री दिली. दुसरा शिक्का पडला, मंजुरीचा.

"झालं का? उघडू?" आत्याने विचारलं.

"उघडा," साहेब म्हणाले.

बाहेर जिन्यावर आत्या एकेक पायरी बघून उतरत होती. फोकस एक पायरी पुढे, हात मागे करून.

"बाळ्या, फोटो तुझ्याकडे आधीच होता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणणार? चादर घरात आली, तू टाकीवर चढला नाहीस, तरी फोटो निघाला; तेव्हाच मी समजले." ती चार पायऱ्या उतरली. "तिकडे गेले की रोज फोन करीन."

"व्हिडिओवर कर."

"त्यावर करून काय उपयोग? फोन समोर धरला की डोळे मिटतात माझे. लेक तिकडून ओरडत असते, आई जागी आहेस का?"

"मिटू देत. मी बोलतो, तू ऐक."

"हे चांगलं आहे," आत्या म्हणाली. "जन्मभर एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांना जोडून दिलं. आता तू बोल, मी ऐकते. पण फोन तूच लावत जा रे, सकाळी पेपरच्या वेळेला. आणि शेजाऱ्यांचं सगळं सांग, त्या टाकीवरून तुला दिसतं ते."

फोकसने मान हलवली. पुढची पायरी मोडकी होती, ती त्याने हाताने दाखवली.