मंदाकिनीची मराठी

मंदाकिनीचा जन्म कलकत्त्याचा. वडील नोकरीसाठी इथे आले आणि इथेच वारले. लग्नही भवानीपूरच्याच एका मराठी घरात झालं. दीड वर्षात नवरा टायफॉइडने गेला आणि ती थोरल्या भावाकडे, दिनकरकडे, परत आली. दिनकर गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत होता. घरात खोल्या दोन. एकीत तो आणि त्याची बायको कालिंदी, दुसरीत मंदाकिनी. तिथे खाट आणि ट्रंक ठेवली की दार पुरतं उघडत नसे. कालिंदीच्या दोन मुली स्वयंपाकघरात झोपत.

१९५३च्या उन्हाळ्यात वाईहून पत्र आलं. म्हाताऱ्या आत्याने अंथरूण धरलं होतं, तिचं करायला कुणीतरी हवं होतं. दिनकरने पत्र जेवताना वाचून दाखवलं आणि कुणाकडे न बघता ताक मागितलं. मंदाकिनीचं छत्तिसावं वर्ष चालू होतं आणि वाई तिने कधी पाहिली नव्हती.

"मला पुस्तकांचं काम मिळेल, दादा," ती म्हणाली.

"मिळालं तर राहा की. नाहीतर दसऱ्यानंतर बघू."

काम खरंच होतं. पुण्याचे एक प्रकाशक शाळांसाठी जगाचा इतिहास काढणार होते. अमेरिकेतल्या स्पॅनिश राजवटीवरचं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी तिच्याकडे भाषांतराला दिलं होतं. हे पसंत पडलं तर पुढची पाचही तिचीच. तीनशे पानं लिहून तिने आधीच पाठवली होती.

पत्रानंतर महिन्याभराने ती सगळी परत आली. वर चिठ्ठी: 'आपले इंग्रजी उत्तम आहे, परंतु ही मराठी नव्हे. दहा पानांपुढे वाचवले नाही. पंधरा दिवसांत भाषा दुरुस्त करून पाठवल्यास पुन्हा पाहू.' त्या दहा पानांत दोन वाक्यांखाली लाल रेघा होत्या. 'ते बेट भीषण सुंदर होते.' 'कोलंबसाने राणीला समजावण्याची फार चेष्टा केली.'

मंदाकिनीने ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. तिला त्यांत काही चूक दिसेना.

भीती वाटली ती त्याचीच. उरलेल्या पानांत अशी किती वाक्यं असतील, आणि ती शोधायची कुणी? दिनकर तिच्यासारखाच, गल्लीत बंगाली बोलत वाढलेला. साताऱ्याहून आलेलं माणूस घरात एकच: कालिंदी. चौथी शिकलेली, आणि ही खोली रिकामी होण्याची वाट बघणारी.

"वहिनी, जरा ऐकता का?"

कालिंदी तांदूळ निवडत होती. दोन्ही वाक्यं ऐकून तिने सूप खाली ठेवलं. "अहो वन्सं, भीषण म्हणजे भयंकर! आणि चेष्टा केली? राणीची टिंगल केली त्याने?"

"नाही, प्रयत्न केला. आणि बेट फार सुंदर होतं."

"मग प्रयत्न म्हणा ना. हे सगळं बंगाली झालं. तुम्ही बोलतादेखील असंच."

"पंधरा वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"गंमत वाटायची," कालिंदी म्हणाली.

रोज दुपारी वाचन सुरू झालं. 'आयांनी मुलांचा आदर केला' ऐकून कालिंदी म्हणाली, "पोरांच्या पाया पडल्या की काय? लाड केले म्हणा." कधी ती गोष्टीतच अडकायची. स्पॅनिश सरदार गावाबाहेर उभा राहून जाहीरनामा वाचत असे: आमचा राजा माना, नाहीतर बायकामुलांसकट गुलाम करू.

"कुठल्या भाषेत?"

"स्पॅनिश."

"त्या लोकांना कळायची?"

"नाही."

"मग हो कोण म्हणणार?"

"कुणी नाही. मग लढाई करायची. आधी वाचून दाखवलं होतं ना!"

कालिंदी तांदळातून बोटं फिरवत राहिली. "मी इथे नवी आले तेव्हा मालकीणबाई दारात येऊन बंगालीत काय काय बोलून गेल्या. मी आपली हसले. नळाचं पाणी दुपारी घ्यायचं नाही म्हणून बजावत होत्या म्हणे. आठ दिवस शिव्या खाल्ल्या."

बाराव्या दिवशी चांदीच्या खाणींचं प्रकरण संपलं आणि मठांचं आलं. 'तिथल्या टोळीप्रमुखांच्या मुलांना आयांपासून दूर मठात ठेवून पाद्री त्यांना रोज शिक्षा देत.' कालिंदी म्हणाली, "मेले राक्षस," आणि मंदाकिनीने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मुलीने दूध उतू घालवलं. "थांब, अशी शिक्षा करीन की जन्मभर आठवेल," कालिंदी ओरडली.

मंदाकिनी दारातच थबकली. "वहिनी, शिक्षा म्हणजे?"

"मार, दंड. दुसरं काय?"

"मला शिकवणं म्हणायचं होतं. त्या मठातल्या मुलांना."

"अगंबाई! मला वाटलं, मारत होते. आईपासून तोडून कोंडलेली पोरं ती. मला ठीकच वाटलं."

मंदाकिनी पाटावर बसली. "म्हणजे कानाला ठीक वाटलं की तुम्ही जाऊ दिलंत. असं आणखी कुठे झालं असेल?"

"ते मला कसं कळणार?" कालिंदी शेगडीभोवतीचं दूध पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "पण खोटं कशाला बोलू, वन्सं. काही ठिकाणी चूक कळूनही मी गप्प बसले."

"कुठे?"

"खाणींच्या तिथे एक-दोनदा. आधीही असेल."

"कोणत्या पानावर, वहिनी?"

"पानं तुमच्या हातात होती." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मोठी शहाणी झाली हो चैत्रात. चुलीपाशी झोपते, पहाटे दूधवाला दारात येऊन उभा राहतो. मी तरी काय करू?"

मंदाकिनीने शिक्षा खोडून शिक्षण लिहिलं आणि खाणींचं प्रकरण उघडलं. आधी सगळेच शब्द बरोबर वाटत होते, मग सगळेच चूक वाटू लागले. अंधार, दगड, भूक. संध्याकाळपर्यंत 'माणूस' हा शब्ददेखील मराठी आहे की नाही, याची तिला खात्री उरली नव्हती. वहिनीला हाक मारून विचारावं असं दोनदा मनात आलं. पण तिचं 'हो' आता खरं कसं धरायचं?

पंधराव्या दिवशी पार्सल गेलं. भाद्रपदात कार्ड आलं. प्रकाशक दिलगीर होते.

दसरा झाल्यावर दिनकरने मुंबई मेलचं तिकीट आणलं. मंदाकिनी ट्रंक भरत असताना कालिंदी दारात येऊन उभी राहिली. "ह्यांना सांगू का? दिवाळीपर्यंत तरी राहू द्या म्हणून?"

"सांगाल?" मंदाकिनी झटकन उठली. "सांगा ना, वहिनी. मी स्वयंपाकघरात झोपेन. मला चालेल."

"बघते," कालिंदी म्हणाली.

दिवेलागणीला मुलींनी आपली अंथरुणं आणून खाटेवर टाकली. ट्रंक अजून उघडीच होती. "आत्या, ही कुठे ठेवायची?" धाकटीने विचारलं.

मंदाकिनीने झाकण लावलं आणि पाय वर घेऊन ती ट्रंकेवरच बसली.