बायकांच्या वेटिंग रूममधली चूल

"बस गं आत. गाडीला तुझ्याएवढी घाई न्हाय."

असं म्हणत आक्का दाराची फळी खांद्यानं ढकलायची आणि डोक्यावर बोचकं घेतलेली एखादी बाई बिचकत आत यायची. बिचकायला कारण होतं. दारावरची पाटी फर्स्ट-सेकंडच्या बायकांसाठी होती आणि पदराच्या गाठीत तिकीट असायचं थर्डचं. आक्काला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आक्का आमच्या स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूमची आया होती. बेळगावच्या कडेचं ते छोटं स्टेशन, राणीच्या राज्यात बांधलेलं. मी तिथं तिकीटबाबू. निपाणीकडच्या शेतकरी घरातला, आमच्या भावकीतला पहिला बी.ए. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. फुकट मिळालेलं नव्हतं ते.

तुम्ही अशी स्टेशनं पाहिली असतील. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, छपराच्या कडेला लाकडी झालर, ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यांच्या माथ्यावर कुठल्याशा परक्या झाडाची पानं. पण आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती. बायकांच्या खोलीत भिंतीत बसवलेली शेकोटी, नक्षीदार दगडी चौकटीची. आराखडा विलायतेत निघाला, तिकडं बर्फ पडतं, म्हणून ती आमच्याही भिंतीत आली. कुणी ती कधी पेटवली नव्हती. बायका तिला देवळी समजून हळदकुंकू वाहायच्या.

"देव न्हाय गं तिथं, सायबाची चूल हाय," आक्का सांगायची. कुंकू मात्र तिनं कधी पुसलं नाही.

एकदा मला म्हणाली, "अण्णा, एवढं शिकलासा, तर सांगा. ह्या भिंतीचा चुना माझ्या आईनं मळलाय. तिला कुणी इचारलं का, बाई, तुला कुठं बसायचं?"

"आराखड्यात तसं विचारत नाहीत, आक्का."

"मग काढणाऱ्याला आई नव्हती व्हय?"

बेचाळीसनंतर हिंडलग्याचा तुरुंग भरला आणि आपल्या माणसांना भेटायला लांबून बायका येऊ लागल्या. पहाटेच्या गाडीनं उतरायचं आणि तुरुंगाचा दरवाजा उघडेपर्यंत फलाटावर काकडत बसायचं. आक्का त्यांना आत घ्यायची. तपासणीच्या साहेबानं एकदा ते पाहिलं आणि बजावलं, पुन्हा थर्डची बाई आत दिसली तर काम जाईल. कामाबरोबर सिग्नलमागची खोलीही जाणार होती. आक्का विधवा, तिला दुसरं छप्पर नव्हतं.

त्या पौषात एका पहाटे खानापूरकडची एक बाई उतरली. नवरा हिंडलग्याला आत, मांडीवर तान्हं मूल. मुलाचं अंग गार पडलेलं, रडायचंही थांबलेलं. आक्कानं एकदा हात लावून पाहिलं, खोलीवर गेली आणि पाटीभर गोवऱ्या घेऊन आली.

मी म्हटलं, "आक्का, आज साहेबाची फेरी आहे."

"मला म्हाईत हाय. पोराला म्हाईत न्हाय."

आणि तिनं ती शेकोटी पेटवली.

आता गंमत अशी की, छपरावरचं ते दगडी टोक धुराडं आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना ते देवळाच्या शिखरासारखं शोभेचं वाटायचं. त्यातून धूर निघाला आणि "ठेसन पेटलं! ठेसन पेटलं!" करत गाव घागरी-बादल्या घेऊन धावलं. तालमीतल्या एका गड्यानं तर खिडकीतून अख्खी घागर आत ओतली, ती नेमकी माझ्या टेबलावर. ह्याच गोंधळात साहेबाची गाडी लागली.

साहेब आत आला तशी ती बाई दचकून उठली.

"बस गं," आक्का म्हणाली.

साहेबाचे हात नकळत जाळाकडं गेले. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. मूल, थंडी, तुरुंग. त्यानं ऐकून घेतलं. "धुराडं धूर चांगला ओढतं," एवढंच बोलला. मग हात खिशात घातले आणि म्हणाला, "नियम तो नियम."

मी आणखी बोलणार तोच आक्कानं मला अडवलं. "अण्णा, तुमची भाकरी राखा. मी ठरवूनच पेटवलीया. तेवढं पोर जागं होईस्तोवर ऱ्हाऊ द्या म्हणावं सायबास्नी."

मी ते साहेबाला सांगितलं. तो बाहेर जाऊन फलाटावर उभा राहिला.

बऱ्याच वेळानं मूल रडलं. चांगलं मोठ्यानं, सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल असं. आक्कानं वेटिंग रूमची किल्ली माझ्या ओल्या टेबलावर ठेवली. त्या बाईला हिंडलग्याची वाट ठाऊक नव्हती. आक्कानं मूल कडेवर घेतलं, खोलीवरून बांधून आणलेलं स्वतःचं गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या.

त्यानंतर आक्का आमच्या बाजूला दिसली नाही. दुसरी आया आली, नियमाची. पहाटेच्या गाडीच्या बायका बंद दारापाशी घुटमळायच्या, मग माझ्या खिडकीशी येऊन विचारायच्या, "आक्का न्हाय व्हय वं?"

"न्हाय," मी म्हणायचो. "हितं माझ्या खिडकीखाली बसा. वारं लागत न्हाय."