मुलांचे जुने फोन आणि आमचा बाक

विषय : दिल्लीतील द्वारका येथील आमच्या सोसायटीच्या बाकावर दोन कंपन्यांच्या मोबाइल फोनवरून चालणारे वाद.

संदर्भ : रोज संध्याकाळी कानांवर पडणारे तोंडी निवेदन.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, किस्से हे टेबलावरच्या फायलींसारखे साठतात. एकेक येते तेव्हा काही वाटत नाही. मग एके दिवशी ढिगाऱ्यामागचा माणूस दिसेनासा होतो. तो माणूस मी. केंद्राच्या मंत्रालयात कारकुनी केली, निवृत्त झालो, आता पार्कातल्या बाकावर बसतो. बाकावर तिघे मराठी. बँकेतून निवृत्त झालेले गोखले, अकाउंट्समधून निवृत्त झालेले मुलाणी आणि मी, प्रधान.

आमच्या तरुणपणी फोनसाठी अर्ज करावा लागे. अर्ज केल्याचं विसरल्यावर फोन येई. मग देश खुला झाला, सगळं दुकानात मिळू लागलं, द्वारकेत सेक्टर उगवले आणि फोन खिशात आला. मत्सर मात्र तोच राहिला. फक्त तोही खिशात मावू लागला!

कंपन्यांची नावं घेत नाही. एकीचा फोन पांढऱ्या डब्यातून येई, दुसरीचा काळ्या. मुलाणी पांढरे, गोखले काळे. दोघांचीही निष्ठा अशी की कंपनीच्या मालकालाही तेवढी नसेल.

*

एका संध्याकाळी कॅमेऱ्यावरून जुंपली. गोखल्यांनी झाडांच्या वर मोबाइल धरला, दोन बोटांनी चित्र ओढून मोठं केलं आणि फोटो काढला.

"हा बघा चंद्र! डाग मोजून घ्या. आहे तुमच्या पांढऱ्यात ही ताकद?"

मुलाण्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग वर पाहिलं.

"गोखले, हा चंद्र नाही. हा गेटवरचा हॅलोजन आहे."

गोखले जरासुद्धा हलले नाहीत.

"असेल हॅलोजन. पण किती स्पष्ट आलाय ते बघा ना!"

*

आता आतली गोष्ट सांगतो. बाकावरचे हे भारी फोन बाकावरच्या कुणीही विकत घेतलेले नव्हते. मुलगा नवा फोन घेई, तेव्हा त्याचा जुना बापाकडे येई. गोखल्यांचा मुलगा परदेशात, दर वर्षी मोबाइल बदलणारा, म्हणून गोखले जगाच्या फक्त एक वर्ष मागे. मुलाण्यांची मुलगी पुण्यात डॉक्टर, जरा जपून वापरणारी, म्हणून मुलाणी दोन-तीन वर्षं मागे. फोनची तुलना म्हणजे खरी कशाची तुलना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नसे.

माझ्याकडे बटणांचा फोन होता. स्वतःच्या पैशांनी घेतलेला. बाकावर ही सर्वांत हलकी प्रत समजली जाई.

एकदा गेटवरच्या गार्डला नंबर देण्यासाठी मी तो खिशातून काढला. गार्डनं त्याच्याकडे पाहिलं, मागे बाकावर उजळलेल्या दोन मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी सहानुभूतीनं विचारलं,

"अंकल जी, आपका बेटा नहीं है क्या?"

*

मुलगा होता. आहे. समीर मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये. पांढऱ्या डब्याचा भारी मोबाइल वापरणारा. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून मला फोन करी.

"बाबा, गोळी घेतली?"

"घेतली."

"ओके, चलो, ठेवतो."

ब्लडप्रेशरच्या गोळीवरचं एवढंच संभाषण. पण मी ते संध्याकाळी बाकावर जरा लांबवून सांगत असे. "आज समीर म्हणत होता..." अशी सुरुवात करून त्यात हवामान, राजकारण आणि पेट्रोलचे भाव घालत असे. गोखल्यांचा मुलगा रविवारी फोन करी. माझा रोज! हातात बटणांचा फोन असलेल्या माणसाला एवढं एकच आसन उरलेलं होतं, आणि मी त्यावर मांडी घालून बसलो होतो.

*

जुन्या फोनबरोबर मुलांची आणखीही काही मालमत्ता येई. मुलं फोटो पुसत, नंबर पुसत, आणि गजर विसरत.

गोखल्यांच्या फोनमध्ये पहाटेचा गजर आला. खाली लिहिलेलं, 'जिम'. तो बंद कसा करायचा ते गोखल्यांना कळेना. आणि मोबाइल नीट चालवता येत नाही हे काळ्या पक्षाचे पुढारी मुलाण्यांना कसं सांगणार? ते रोज उठू लागले. उठल्यावर करायचं काय, म्हणून पार्काला फेऱ्या मारू लागले. साखर उतरली. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? गोखल्यांनी खिशातून फोन काढून दाखवला!

बाकावर त्यांनी जाहीर केलं, "काळा फोन तब्येतीला चांगला."

मुलाणी भडकले. "माझ्यात मुलीचा गजर वाजतो, 'पेशंट राऊंड'. मी काय सोसायटीतल्या लोकांना तपासत फिरू?"

*

हे दोघे एकमेकांच्या जवळ राहूनही एकमेकांच्या उपयोगाचे नव्हते, हे एकदा सिद्ध झालं. मुलाण्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची बातमी यायची होती. नेमकी सेक्टरची वीज गेली आणि मुलाण्यांची बॅटरी संपली. गोखले धावत घरी गेले आणि वीज नसली तरी चालणारा चार्जर घेऊन आले. माणूस मनानं चांगलाच. पण काळ्याची पिन पांढऱ्यात जाईना. दोघे पार्काच्या मधोमध एकमेकांच्या भोकांना आणि पिनांना दोष देत उभे राहिले.

माझा क्षण आला. मी बटणांचा फोन पुढे केला. त्याची बॅटरी आठवडाभर टिके.

"घ्या मुलाणी, लावा मुलीला."

मुलाण्यांनी फोन घेतला, बटणांवर अंगठा ठेवला आणि तसेच थांबले.

"काय झालं?"

"नंबर?" मुलाणी केविलवाणे झाले. "नंबर तर फोनमध्ये आहे!"

*

तरीही मला तोच फोन हवा होता. म्हणून मी रीतसर अर्ज केला.

रविवारी समीर आणि केतकी, म्हणजे आमची सून, आम्हाला कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या सदनातल्या कँटीनमध्ये जेवायला घेऊन गेले होते. थाळी येण्यापूर्वी मी कागद समीरच्या हातात दिला. 'विषय : वापरातून काढलेला हँडसेट मिळण्याबाबत. महोदय, आपण नवीन फोन खरेदी कराल तेव्हा सध्याचा फोन अर्जदारास देण्यात यावा, ही विनंती. अर्जदार अनुभवी असून वस्तू सांभाळून वापरतो.' प्रत माहितीसाठी सुनेकडे.

आमची ही म्हणाली, "अहो, मुलगा आहे तो! तोंडानं मागा की."

मी म्हटलं, "तोंडी मागण्याला आवक क्रमांक नसतो."

समीर खूप हसला. "बाबा, यार, तुम्ही पण ना! बिल्कुल. नेक्स्ट टाइम पक्का." आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

हा मी अनुकूल शेरा समजलो. त्याच संध्याकाळपासून बाकावर पांढऱ्याची बाजू घेऊ लागलो. पांढऱ्याची बांधणी, पांढऱ्याचा रंग, पांढऱ्याचा दर्जा! मुलाणी खूश. गोखले म्हणाले,

"प्रधान, आधी खिशातला काढून दाखवा. मग भाषण करा."

मी दुसऱ्या दिवशी सेक्टरच्या मार्केटमध्ये गेलो आणि समीरच्या मॉडेलचं चामडी कव्हर घेऊन आलो. तपकिरी, पुस्तकासारखं उघडणारं. दुकानदारानं विचारलं, "फोन कहाँ है, अंकल? लगा के दूँ?" मी म्हटलं, "रास्ते में है।"

*

समीरनं नवा फोन घेतला. काळा!

बाकावर खळबळ माजली. मुलाणी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गोखल्यांनी मला पेढा दिला. मी मात्र शांत होतो. मुलानं पक्ष बदलला तरी माझा अर्ज जुन्या फोनसाठी होता. कव्हर कपाटात होतं.

समीर घरी आला तेव्हा नवा मोबाइल दाखवत म्हणाला, "कंपनी वेगळी असली तरी सगळं आलं बाबा यात. फोटो, नंबर, सगळं." मी फोटो पाहिले. जुन्याचं काय, हे विचारणं अर्जदाराला शोभत नाही. विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आमचे व्याही निमकर नोएडाहून मेट्रोनं आले. गप्पिष्ट, गोरेगोमटे, सगळं फुकट मिळण्याचा योग घेऊन जन्मलेले. सोफ्यावर टेकले आणि खिशातून पांढऱ्या डब्यातला फोन काढला. एका कोपऱ्याला टवका उडालेला होता. तो टवका आमच्याच जिन्यात उडाला होता. मी समोर होतो.

"जावयानं दिला हो!" निमकर म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो."

मी चहाची बशी टेबलावर ठेवली. ही पुढे होऊन पोहे वाढू लागली. निमकर गेल्यावर मला समजावू लागली, "त्यांचा पाण्यात पडला होता म्हणे. अडचण होती त्यांची."

"माझा पडला नाही, ही माझी चूक," मी म्हटलं. "उद्या बादलीत टाकतो."

निमकरांना मी तसा पूर्वीपासूनच पाण्यात पाहत होतो. त्यांना फ्लॅट वेळेवर मिळाला, त्यांच्या दारात मेट्रो आधी आली, त्यांच्या गुडघ्यांना काही झालं नाही. पण मुलगा तरी माझा होता! आणि त्याच सुमाराला समीरचा सकाळचा फोन येईनासा झाला. ही म्हणाली, कामात असेल. मीही बाकावर म्हणालो, कामात आहे, नवीन प्लांट आहे. "आज समीर म्हणत होता..." हे वाक्य मी हळूहळू बंद केलं. गोखल्यांच्या लक्षात आलं असावं. रविवारच्या फोनबद्दल तेही कमी बोलू लागले.

*

आता शेवटचा किस्सा.

समीरचा फोन थांबल्यावर थोड्याच दिवसांत, एका सकाळी बरोबर त्याच वेळेला माझा बटणांचा फोन वाजला. मी धावत उचलला.

"प्रधान, गोळी घेतलीत का?" निमकरांचा आवाज.

"घेतली."

"वा वा. चला, ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी हिला म्हटलं, "हा माणूस मला डिवचतोय. फोन नेला, आता फोनची वेळही नेली!" ही म्हणाली, "किती काळजी करतात बिचारे! तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं बघवतच नाही."

खरंच बघवत नव्हतं. मी एका शब्दात उत्तर द्यायचो आणि बंद करायचो. एक दिवस मुद्दाम "नाही घेतली" म्हणालो, तर तो गृहस्थ मी गोळी घेईपर्यंत लाइनवर थांबून राहिला!

मग एका शनिवारी निमकर मुक्कामाला आले. रविवारी सकाळी आम्ही दोघे चहा पीत बसलो होतो. त्यांच्या हातातला फोन वाजू लागला. निमकरांनी घाईनं स्क्रीनवर चारी बाजूंनी बोटं फिरवली, फोन गप्प झाला, आणि ते माझ्याकडे वळले.

"गोळी घेतलीत का?"

"निमकर, हे काय आहे?"

"काय माहीत बुवा. फोन आला त्या दिवसापासून रोज वाजतो. बंद कसा करायचा कळत नाही. जावयाला विचारायला संकोच वाटतो." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, 'बाबा गोळी'.

मी वाचलं. समीरचं स्पेलिंग नेहमीचंच, रोमन लिपीतलं.

"मला तर कुठलीच गोळी नाही," निमकर म्हणाले. "म्हटलं तुमचीच असणार. म्हणून आपलं विचारतो."

आतून कुकरची शिट्टी झाली. निमकरांनी फोन हातात उलटसुलट केला.

"खरं सांगू? हा तुम्हीच ठेवा, प्रधान. तुमच्याच मुलाचा. मला झेपत नाही तो. मी साधा घेईन."

फोन माझ्या हातात आला. हाताला चांगला जड लागला. कोपऱ्याचा टवका अंगठ्याखाली बरोबर बसला. मी उठलो, कपाट उघडलं आणि ते तपकिरी कव्हर आणलं. फोन त्यात घातला. अगदी मापाचा. मग कव्हर मिटून फोन निमकरांच्या हातात परत दिला.

"राहू द्या तुमच्याकडेच. पडला-बिडला तर सांभाळून असावा."

"अहो, पण..."

"योग्य मार्गानं येऊ द्या," मी म्हटलं. "आणि तो गजर बंद करू नका."

निमकर सोमवारी सकाळी नोएडाला परतले. मंगळवारी ठरल्या वेळी त्यांचा फोन आला. गोळी घेतली होती, तसं कळवलं.

चिरंजीव समीर यांच्याकडे केलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे.